हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल: पेटीतल्या कणाचे जुळलेले पण चुकलेले उत्तर

वहीत दोन आकडे शेजारी शेजारी होते. हळदीचा अर्क ज्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वांत जास्त शोषतो, ती तरंगलांबी: गणितातून ४६० नॅनोमीटर, प्रयोगातून ४५५. फरक जेमतेम एक टक्का. बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या गटाने खाली दोन रेघा ओढून ‘सिद्धांत व प्रयोग जुळतात’ असे लिहिले. पुढे तोच अर्क स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) नेला, तेव्हा शोषणाचे शिखर ४२५ ला निघाले. मोजमाप चुकले होते, गणितही चुकले होते, आणि दोन्ही चुका एकाच दिशेने होत्या म्हणून उत्तर जुळले होते.

हे प्रकरण नमुन्याचे आहे. हिंगोली, परभणी, नांदेड भागातल्या कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात, साध्या सामानावर, असेच घडू शकते. गटाचे आकडे अशा प्रयोगात प्रत्यक्ष येतात त्याच पट्ट्यातले आहेत, आणि पदार्थांची शिखरे प्रयोगशाळेतली नेहमीची आहेत. हळद निवडण्याचे कारण सरळ आहे. भौगोलिक मानांकन असलेली वसमतची हळद इथल्या मोंढ्यात पोत्यांनी येते, आणि तिचा रंग देणारा कर्क्युमिन हा रेणू पेटीतल्या कणाच्या गणितासाठी जवळजवळ बेतून केल्यासारखा आहे. जवळजवळच, आणि पुढची सगळी भानगड त्या ‘जवळजवळ’मध्ये आहे.

गणित कुठून सुरू होते

क्वांटम मेकॅनिक्सच्या पहिल्याच महिन्यात पेटीतला कण शिकवला जातो. दोन भिंतींमध्ये अडकलेल्या इलेक्ट्रॉनची लाट अशीच बसते की पेटीच्या लांबीत अर्ध्या लाटा पूर्ण संख्येने मावाव्यात. द ब्रॉयच्या नियमाने तरंगलांबीवरून संवेग आणि संवेगावरून ऊर्जा काढली की पातळीची ऊर्जा तिच्या क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि पेटीच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात येते. परीक्षेपुरते इतके पुरते. पण विद्यार्थ्याला विचारले, ‘ही पेटी कुठे असते?’ तर उत्तर येत नाही.

एकाआड एक दुहेरी बंध असलेला लांब रेणू ही अशी पेटी आहे. त्यातले दुहेरी बंधांचे इलेक्ट्रॉन (π इलेक्ट्रॉन) एका अणूला बांधलेले नसतात, साखळीभर पसरतात. पाउलीच्या नियमाने प्रत्येक पातळीत दोन इलेक्ट्रॉन. एकूण इलेक्ट्रॉन ‘न’ असतील तर न/२ क्रमांकापर्यंतच्या पातळ्या भरलेल्या असतात आणि रेणू जो प्रकाश शोषतो तो एका इलेक्ट्रॉनला पुढच्या रिकाम्या पातळीवर नेतो. दोन वर्गांची वजाबाकी केली की (न + १) उरते. स्थिरांकांच्या किमती घालून, लांबी ‘ल’ नॅनोमीटरमध्ये घेतली, तर

तरंगलांबी (नॅनोमीटर) = ३२९७ × ल² ÷ (न + १)

हा ३२९७ विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः काढावा. तो म्हणजे ८ × इलेक्ट्रॉनचे वस्तुमान × प्रकाशाचा वेग ÷ प्लांकचा स्थिरांक, आणि एककांची जुळणी. नॅनोमीटरचा वर्ग करताना दहाच्या घातांकात घसरणारे बरेच असतात. उत्तर हजारपटीने चुकले तर ते तिथेच शोधावे. सोबत दुसरा आकडा लागतो: १२४० ला नॅनोमीटरने भागले की ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते.

आता कर्क्युमिन. दोन टोकांना बेंझिनची दोन कडी, प्रत्येक कड्यावर एक हायड्रॉक्सिल आणि एक मेथॉक्सी गट, मध्ये सात कार्बनची साखळी. द्रावणात रेणू बहुतेक इनॉल रूपात असतो, म्हणजे साखळीवरच्या दोन ऑक्सिजनांपैकी एकाचा हायड्रॉक्सिल झालेला असतो; तेव्हा साखळीत कार्बन-कार्बनचे तीन दुहेरी बंध आणि कार्बन-ऑक्सिजनचा एक. गटाने पेटी म्हणून फक्त ही मधली साखळी धरली. एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत आठ बंध, सरासरी ०.१४ नॅनोमीटरचा एक, म्हणून ल = १.१२. चार दुहेरी बंधांचे न = ८. उत्तर ३२९७ × १.२५४ ÷ ९, म्हणजे ४६० नॅनोमीटर.

गणितात खोट नाही. भिंती कुठे उभ्या करायच्या, हा निर्णय मात्र गटाने न बोलता घेऊन टाकला होता.

अर्क आणि मोजमाप

अर्काची कृती इथे पूर्ण देतो, कारण अर्ध्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

बाजारची हळद पावडर घेऊ नये, हळकुंड घ्यावे. पॉलिश केलेल्या हळकुंडाला बाहेरून रंग किंवा पावडर चोळलेली असू शकते, म्हणून साल चाकूने खरवडून आतला गाभा कुटावा. पावडरच वापरायची असेल तर आधी भेसळ तपासावी. मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंगही पिवळाच असतो आणि त्याचे शिखर कर्क्युमिनच्या शिखराजवळच येते, त्यामुळे आलेखावरून तो ओळखू येणार नाही. अर्काचे काही थेंब घेऊन त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. आलेला गुलाबी रंग पाणी घातल्यावर गेला तर ती हळद, टिकला तर भेसळ.

०.१ ग्रॅम पूड, ५० मिलिलिटर अल्कोहोल, अर्धा तास हलवणे, मग गाळणे. इथेनॉलसाठी परवान्याची कटकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते, शिखर फारसे हलत नाही. बाटलीला काळा कागद गुंडाळावा, कारण कर्क्युमिन उजेडात विघटित होते. अ‍ॅसिटोन टाळावा. त्यातही हळद छान उतरते, पण पॉलिस्टायरीनच्या स्वस्त क्युव्हेट (द्रावण यंत्रात ठेवायच्या चौकोनी नळ्या) त्यात पांढुरक्या होतात आणि मग आपण हळदीऐवजी ओरखडे मोजत बसतो.

हा अर्क थेट मोजायचा नाही. हळदीत ३ टक्के कर्क्युमिन धरले तर ५० मिलिलिटरमध्ये ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ६० मिलिग्रॅम. रेणुभार ३६८, मोलर शोषणगुणांक सुमारे ५९ हजार. गुणाकार केला की एका सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये अ‍ॅब्सॉर्बन्स (शोषणाचे माप; ते एकने वाढले की पलीकडे पोचणारा प्रकाश दहापटीने घटतो) साडेनऊच्या घरात जाते. याचा अर्थ पलीकडे प्रकाश पोचतच नाही, आणि यंत्र जे दाखवते तो त्याच्या आतला भटका प्रकाश असतो. शिखराचा माथा सपाट दिसला तर समजावे की पातळ करायचे राहिले. अर्क १ मिलिलिटर घेऊन २५ पर्यंत पातळ केला की ०.४ च्या आसपास येतो. हळद २ टक्क्यांची असो की ५ टक्क्यांची, आकडा ०.२५ ते ०.६५ मध्ये बसतो, आणि तो पट्टा बरा.

गटाकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर नव्हता. त्यांनी डीव्हीडीचा तुकडा, बुटाचे खोके, ब्लेडची फट आणि मोबाइल कॅमेरा यांचा वर्णपटदर्शक केला. कल्पना उत्तम आहे. डीव्हीडीच्या रेषांमधले अंतर ०.७४ मायक्रोमीटर, त्यामुळे सीडीपेक्षा (तिचे १.६) वर्णपट दुपटीहून जास्त पसरतो. कॅलिब्रेशन जुन्या सीएफएल दिव्यावर केले. त्यात पाऱ्याच्या ४३६ व ५४६ च्या रेषा आणि ६११ ची लाल रेषा स्पष्ट दिसतात. तीन बिंदूंतून वक्र जुळवला. इथपर्यंत सगळे योग्य.

प्रकाशासाठी मात्र त्यांनी पांढरा एलईडी बल्ब लावला, कारण हल्ली प्रयोगशाळेत दुसरा बल्ब असतोच कुठे? पांढरा एलईडी हा मुळात सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी असतो, त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर. ४५० ला उंच सुळका, ४८० च्या आसपास दरी, मग रुंद टेकडी, आणि ४३० च्या खाली जवळजवळ काहीच नाही. कर्क्युमिनचे शिखर ४२५ ला, म्हणजे जिथे दिव्याचा प्रकाशच नाही तिथे.

त्यावर दुसरी गोष्ट झाली. गटाने नुसत्या अल्कोहोलचा फोटो आणि अर्काचा फोटो यांच्या तीव्रतांची वजाबाकी केली. वजाबाकीत जिथे मुळात प्रकाश जास्त तिथेच घट जास्त दिसते. कर्क्युमिनचा पट्टा रुंद आहे, ४५० लाही तो भरपूर शोषतो, म्हणून सर्वांत मोठी घट दिव्याच्या सुळक्यावर आली. कॅलिब्रेशनच्या थोड्या ओढाताणीसह ती ४५५ वाचली गेली. मोजले काय, तर दिवा. त्या जागी हळदीऐवजी दुसरा कुठलाही फिकट पिवळा रंग असता तरी आकडा ४५५ च्या आसपासच आला असता, आणि हीच इथली सोपी चाचणी आहे. पदार्थ बदलून उत्तर बदलत नसेल तर उत्तर पदार्थाचे नाही.

दुरुस्ती अशी. मोटारसायकलचा १२ व्होल्ट ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब घ्यावा. ४२५ ला त्याचाही प्रकाश कमी असतो, पण तिथे सुळका नसतो, उतार गुळगुळीत असतो. बल्ब बॅटरीवर चालवावा, अडॉप्टरवर नको. आपल्याकडच्या विजेचा दाब दुपारी वर-खाली होतो, आणि फिलामेंटचे तापमान थोडे उतरले तरी तांबड्यापेक्षा निळा प्रकाश फार जास्त घटतो. कोऱ्या द्रावकाचा फोटो आणि अर्काचा फोटो यांच्यामध्ये दाब बदलला की तो फरक हळदीच्या नावावर जमा होतो. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस लॉक करावेत. शक्य असेल तर फोटो रॉ स्वरूपात घ्यावा, कारण जेपीईजीमधली पिक्सेलची किंमत प्रकाशाच्या प्रमाणात नसते. आणि वजाबाकी सोडून कोऱ्याच्या तीव्रतेला अर्काच्या तीव्रतेने भागून लॉगरिथम घ्यावा. हे सगळे केल्यावर खोक्याचा वर्णपटदर्शक ४२५ च्या आसपास, दहा-एक नॅनोमीटरच्या चुकीने, उत्तर देऊ शकतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी रसायनशास्त्र विभागाचे यंत्र मिळाले तर दिवा लावून अर्धा तास थांबावे, ३५० ते ६०० चा पट्टा एक नॅनोमीटरच्या पायरीने घ्यावा. ३५० च्या आसपास काही यंत्रांत ड्युटेरियमचा दिवा जाऊन टंगस्टनचा येतो आणि आलेखात छोटी पायरी उमटते. तिला शिखर समजू नये.

४२५ आल्यावर पेटीचे काय करायचे

इथे दोन मोह होतात. पहिला, ‘४६० आणि ४२५ मध्ये आठच टक्के फरक, ढोबळ मॉडेलला चालते’ म्हणून पुढे जाण्याचा. दुसरा, ल थोडी कमी करून ४२५ बसवण्याचा. दोन्ही टाळून भिंतींची चौकशी करावी.

मधली साखळी हीच पेटी असेल तर टोकांच्या कड्यांचा रंगाशी संबंध नसावा. तसे आहे का? कर्क्युमिनच्या मधोमध असलेला तुकडा एकटा घेतला की तो असिटाइलअ‍ॅसिटोन, शिखर सुमारे २७४ नॅनोमीटर. त्याच तुकड्याला दोन्ही बाजूंनी कडी थेट जोडली की सनस्क्रीनमध्ये वापरतात तो अ‍ॅव्होबेन्झोन, शिखर ३५७. मध्ये कुठलीही साखळी वाढवलेली नाही, फक्त कडी (आणि त्यांवरचे गट) आली आणि शिखर ८० नॅनोमीटरहून जास्त सरकले. म्हणजे इलेक्ट्रॉन कड्यांत शिरतात. भिंत कड्याच्या दारात उभी करता येत नाही.

मग पेटी एका टोकाच्या हायड्रॉक्सिलच्या ऑक्सिजनपासून दुसऱ्या टोकाच्या ऑक्सिजनपर्यंत धरू. कड्यातून जवळच्या वाटेने प्रत्येक बाजूला चार बंध, मधले आठ, एकूण सोळा. ल = २.२४. इलेक्ट्रॉन: साखळीचे ८, कड्यांचे १२, टोकांच्या दोन ऑक्सिजनच्या एकेक इलेक्ट्रॉन-जोडीचे ४. न = २४. उत्तर ६६२ नॅनोमीटर. कड्यांतले फक्त वाटेवरचे इलेक्ट्रॉन मोजले, न = २० धरले, तर ७८८.

६६२ ला शोषणारा पदार्थ तांबडा प्रकाश खातो, तो निळा-हिरवा दिसतो. निळी हळद कुणी पाहिलेली नाही. पेटी जास्त खरी केली तर उत्तर जास्त खोटे आले! या ठिकाणी वर्ग थांबवून मुलांना दहा मिनिटे भांडू द्यावीत, इतके हे वळण मोलाचे आहे.

पेटीचा तळ सपाट नाही

साध्या पेटीत आत स्थितिज ऊर्जा सगळीकडे सारखी धरलेली असते. प्रत्यक्ष साखळीत दुहेरी बंध आखूड, एकेरी बंध लांब. इलेक्ट्रॉनला दुहेरी बंधाच्या जागी खोलगट तळ मिळतो, एकेरीच्या जागी उंचवटा. याचा परिणाम दिसायला ब्युटाडाइनसारखा छोटा रेणू घ्यावा: चार कार्बन, चार इलेक्ट्रॉन, दुहेरी-एकेरी-दुहेरी. दोन्ही टोकांना एकेक बंध जास्त धरून पेटी पाच बंधांची, ०.७० नॅनोमीटर. सपाट तळाचे उत्तर ३२३ नॅनोमीटर, म्हणजे ३.८४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. खरे शिखर २१७ ला, ५.७१ इलेक्ट्रॉन व्होल्ट.

आता भरलेली शेवटची पातळी दुसरी आणि रिकामी पहिली पातळी तिसरी. दोन्हींच्या तरंगफलनांचा वर्ग तुकड्या-तुकड्याने जोडावा (साइनच्या वर्गाचे इंटिग्रेशन, बारावीचे). मधल्या एकेरी बंधावर दुसऱ्या पातळीचा इलेक्ट्रॉन ५ टक्के सापडतो, तिसऱ्या पातळीचा ३० टक्के. दोन्ही दुहेरी बंधांवर मिळून दुसऱ्या पातळीचा ६५ टक्के, तिसऱ्या पातळीचा २४ टक्के. म्हणजे खालच्या पातळीचा इलेक्ट्रॉन खोलगट जागी बसतो आणि आणखी खाली जातो, वरच्या पातळीचा उंचवट्यावर बसतो आणि तुलनेने वरच राहतो. दोन पातळ्यांमधली दरी वाढते, तरंगलांबी घटते. पहिल्या क्रमाच्या पर्टर्बेशनने (लहान बदलाने ऊर्जा किती हलते ते काढण्याच्या रीतीने) पाहिले, फक्त दुहेरी बंधांचा तळ खाली ओढला, तर हवा असलेला १.८७ चा फरक मिळवायला तो ४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ओढावा लागतो. पहिल्या क्रमाला हा आकडा फारच मोठा आहे, त्यावर कुणी पैज लावू नये. पण दिशा बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते चार टक्केवाऱ्यांत डोळ्यांसमोर येते. पर्टर्बेशनचा धडा फळ्यावर सूत्राने सुरू करण्यापेक्षा असा सुरू केलेला बरा.

रसायनशास्त्रज्ञ हान्स कून यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हीच गोष्ट लांब रेणूंसाठी एका पदात बसवली. सपाट पेटीच्या ऊर्जेत व × (१ − १/न) मिळवायचे. ‘व’ हा तळाच्या चढउताराचा आकडा, एकाआड एक दुहेरी बंधांच्या साध्या साखळ्यांसाठी सुमारे २ इलेक्ट्रॉन व्होल्ट. तपासायला गाजर पुरते. बीटा-कॅरोटीनमध्ये अकरा दुहेरी बंध, न = २२, टोकांना एकेक बंध धरून २३ बंध, ल = ३.२२. सपाट पेटी १४८६ नॅनोमीटर सांगते. ते अवरक्तात गेले, म्हणजे गाजर बिनरंगाचे! दुरुस्ती घातली की ०.८३ + १.९१ = २.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ४५२ नॅनोमीटर. पेट्रोलियम इथरमध्ये गाजराचा अर्क काढून मोजला तर मुख्य शिखर ४५० च्या आसपास येते.

उलट टोकाला सायानीन रंग. त्यांच्या साखळीला दोन्ही टोकांना नायट्रोजन असतो आणि रेणूची दोन तुल्य रूपे असतात, एकात जो बंध एकेरी तो दुसऱ्यात दुहेरी. सगळे बंध जवळजवळ सारखे, तळ सपाट, व = ० धरता येते. सर्वांत साध्या सायानीनांत नायट्रोजनांच्या मध्ये ३, ५, ७ कार्बन असताना सपाट पेटी ३३२, ४६०, ५८७ देते, मोजलेली शिखरे सुमारे ३१२, ४१६, ५१९. आकडे तंतोतंत नाहीत, पण शंभर-सव्वाशेच्या पायऱ्यांनी चढणारी माळ ओळखू येते.

कर्क्युमिन या दोन टोकांच्या मध्ये कुठे आहे? सोळा बंधांच्या पेटीत सपाट ऊर्जा १.८७. व = २ घातले तर ३.७९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ३२७ नॅनोमीटर, अतिनीलात. ती हळद पांढरी दिसली असती. मोजलेल्या ४२५ साठी (२.९२ इलेक्ट्रॉन व्होल्ट) व = १.०९ लागतो. हे पटण्यासारखे आहे. इनॉल रूपात मधले दोन ऑक्सिजन एका हायड्रोजनला दोन्हीकडून धरून असतात, त्यामुळे मधले बंध गाजरातल्यासारखे ठळक एकेरी-दुहेरी राहत नाहीत.

पण एक आकडा मोकळा सोडला की एक शिखर कुणीही बसवू शकतो. म्हणून दुसरे शिखर हवे, त्याच पेटीचे, वेगळ्या परिस्थितीतले.

साबण लागलेला डाग

हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे प्रत्येक घरात ठाऊक आहे, आणि हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची रीतही जुनी. अल्कलीत कर्क्युमिनचे तीन हायड्रॉक्सिल (दोन कड्यांवरचे, एक मधला) आपले प्रोटॉन सोडतात आणि पाण्यात सामू १० च्या वर शिखर सुमारे ४६७ ला जाते.

आता सपाट पेटीला विचारा, शिखर का सरकले? तिच्याकडे उत्तर नाही. प्रोटॉन गेल्याने साखळीची लांबी बदलली नाही. ऑक्सिजनची जी जोडी आपण मोजली होती ती आधीही होती, आताही आहे. ल तीच, न तोच, रंग मात्र पिवळ्याचा लाल. राहता राहिला ‘व’. ४६७ म्हणजे २.६६ इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यासाठी व = ०.८२. ऋणभार टोकाच्या ऑक्सिजनवर न थांबता साखळीभर पसरतो, एकेरी-दुहेरीतला भेद आणखी पुसट होतो, रेणू सायानीनच्या दिशेने सरकतो. तळ सपाट होत जातो आणि शिखर लालकडे जाते.

गटाची पहिली, आखूड पेटी याच कसोटीला लावावी. तिची सपाट ऊर्जाच २.७० आहे. ४२५ साठी तिला व = ०.२५ लागेल, आणि ४६७ साठी उणे ०.०५. शून्याच्या खाली! म्हणजे इलेक्ट्रॉनला दुहेरीपेक्षा एकेरी बंध जास्त आवडतो, असे म्हणावे लागेल. ४६० चे उत्तर एका शिखरापुरते शोभून दिसले, दुसऱ्या शिखराने त्याला उघडे पाडले.

एक आक्षेप इथे यायलाच हवा, कुणी घेतला नाही तर शिक्षकाने घ्यावा. गाजराच्या पेटीत टोकांना एकेक बंध जास्त धरला, हळदीच्या पेटीत नाही, असे का? धरून पाहा. अठरा बंध, ल = २.५२, सपाट ऊर्जा १.४८. पिवळ्यासाठी व = १.५०, लालसाठी १.२३. आकडे बरेच हलले. पण दोन्ही २ च्या खाली राहिले, आणि त्यांच्यातला फरक ०.२७ चा ०.२७ च. भिंत नेमकी कुठे, हा निर्णय मॉडेल बनवणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून ‘व’ची स्वतंत्र किंमत मनावर घेऊ नये. पिवळ्यातून लालकडे जाताना झालेली घट घ्यावी. अहवालात हा आक्षेप आणि त्याचे गणित असेल तर त्याला गुण जास्त द्यावेत, उत्तर ४२५ च्या किती जवळ आले त्यापेक्षा.

अल्कलीचे मोजमाप मात्र घाईचे आहे. मूळ अर्क १ मिलिलिटर, त्यात ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घालून २५ मिलिलिटर करावे आणि ताबडतोब क्युव्हेट यंत्रात ठेवावी. अल्कलीत कर्क्युमिन झपाट्याने विघटित होते. उदासीन सामूच्या (७ च्या आसपास) बफरमध्येही अर्ध्या तासात बहुतेक संपते. पूर्ण पट्टा हळू वेगाने घेत बसले तर वर्णपटाचे एक टोक ताज्या द्रावणाचे आणि दुसरे शिळ्याचे येते, शिखर सरकल्यासारखे दिसते. आधी फक्त ४२० ते ५२० घ्यावे, तेच दोनदा. दोन वाचनांमध्ये उंची घटली पण जागा तीच राहिली तर शिखर खरे मानावे. तुलनेसाठीचे पिवळे द्रावणही अल्कोहोलमधले नको, तितक्याच पाण्यात, थेंबभर असेटिक आम्लासह केलेले हवे; नाहीतर द्रावक बदलल्याचा परिणाम प्रोटॉनच्या खात्यावर जातो. पाण्यात कर्क्युमिन नीट विरघळत नाही, काही मिनिटांत गढूळपणा येतो आणि सगळा आलेख वर उचलला जातो. तसे दिसले तर ६०० नॅनोमीटरचे वाचन वजा करून काम भागवण्यापेक्षा द्रावण ताजे करावे. कॉस्टिक हाताळताना चष्मा आणि हातमोजे, आणि मोजून झाल्यावर काचेची क्युव्हेट लगेच धुवावी.

वेळ उरला तर त्याच पातळ अर्कावर ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर पॉइंटर आडवा सोडावा. झोत द्रावणात शिरताच हिरवा-पिवळा दिसतो. उत्सर्जनाचे शिखर इथेनॉलमध्ये ५४० च्या आसपास असते. ४२५ ला शोषून ५४० ला सोडणे म्हणजे सुमारे ०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टची गळती. आपल्या पेटीत तिला जागा नाही, कारण आपण अणू जागच्या जागी खिळलेले धरले आहेत. इलेक्ट्रॉन वर गेल्यावर बंधांच्या लांब्या बदलतात, भोवतालचे द्रावकाचे रेणू नव्याने वळतात, आणि खाली येताना दरी आधीपेक्षा अरुंद झालेली असते. हे गणित पुढच्या सत्राचे, कंपन पातळ्या शिकवून झाल्यावरचे. पॉइंटर चिमट्यात घट्ट बसवावा, झोताच्या रेषेत मागे काळा पुठ्ठा ठेवावा आणि डोळे त्या उंचीवर आणू नयेत. ४०५ चा प्रकाश डोळ्यांना फिका दिसतो, त्यामुळे किती तीव्र आहे याचा अंदाज येत नाही.